पांढऱ्या कपड्यांचा भाग

सरांच्या सत्काराच्या दिवशी शाळेच्या सभागृहात एका जुन्या इंग्रजी मालिकेचा एक भाग पडद्यावर दाखवला. चित्राखाली मराठीत अक्षरे येत होती. ती वाचून लोक हसले. खडतकर सर व्यासपीठावरून उतरले, चपला घातल्या आणि घरी गेले. त्यानंतर ते शाळेत आले नाहीत.

एवढेच घडले. आता सर नाहीत, आणि त्यांच्याबद्दल लिहायला बसले की हात पहिल्यांदा याच दिवसाकडे जातो. वास्तविक त्याआधीचे सर कितीतरी मोठे होते. पण लाजेची आठवण बाकीच्या आठवणींना मागे ढकलून पुढे येऊन उभी राहते, हे मी या वर्षभरात पाहिले आहे. म्हणून तिला तिथेच उभी राहू देते आणि मागून सुरुवात करते.

तळेगावात खडतकर सर म्हणजे इंग्रजी. मी शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा ते तिथे आधीपासून होते. उंच, सडपातळ, भर मे महिन्यातही शर्टाच्या बाह्यांची बटणे लावलेली. जेवताना शब्दकोश वाचायची त्यांना सवय होती. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडायचा, शेजारी शब्दकोश उघडायचा, आणि एक घास, एक शब्द असे चालायचे. त्या शब्दकोशाच्या पानांवर हळदीचे डाग होते. नवा शब्द सापडला की आम्हाला त्याचा अर्थ सांगायचे, त्याचे कूळ सांगायचे, तो कोणत्या शब्दांच्या सोयरिकीत आहे ते सांगायचे. वर्गात कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की चष्मा काढून रुमालाने पुसायचे आणि म्हणायचे, "पुढे येईल." मुले त्याची नक्कल करायची. रखडलेला पगार केव्हा होणार असे शिक्षकांच्या खोलीत कोणी विचारले की बाकीचे एका सुरात म्हणायचे, "पुढे येईल," आणि सरही हसायचे.

वर्गाबाहेर मात्र ते इंग्रजीचे एक वाक्य बोलत नसत. मला तो विनय वाटायचा. गावात दोन इंग्रजी शब्द आले की माणूस चार वापरतो. हा माणूस सगळे येऊन एकही वापरत नाही, याचे मला कौतुक होते.

एकदा सेवाग्रामकडे सायकलने निघालेले एक परदेशी जोडपे आमच्या बसथांब्याजवळ अडकले. सायकलचे काहीतरी तुटले होते. दोघे घामाने निथळत होते आणि त्यांचे बोलणे कोणाला कळत नव्हते. चार माणसे धावत शाळेत आली.

"सर, चाला लवकर! गोरे आले अन् कोणाले काई समजून नाई राह्यलं."

सरांनी कपाळाला हात लावला. "मले कणकण वाटून राह्यली बापा सकाळपासून," म्हणाले आणि मुख्याध्यापकांना सांगून सरळ घरी गेले. संध्याकाळी मी चौकशीला गेले तर सुमनवहिनी, त्यांच्या पत्नी, दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "गोधडी घेऊन झोपले. एवढ्या उन्हात गोधडी. अंग तर गार लागून राह्यलं."

त्या परदेशी जोडप्याची सायकल शेवटी वासुदेवने दुरुस्त केली. वासुदेव म्हणजे सरांच्या गल्लीत पिठाची चक्की चालवणारा. पाना घेऊन गेला, हातवारे केले, पाणी पाजले, चाक बसवून दिले. दुसऱ्या दिवशी सर शाळेत निघाले तर चक्कीच्या दारातून ओरडला, "सर, तुमचे पाव्हणे गेले बरं! थँक्यू म्हने. तेवढं मले समजलं!"

सर हसले नाहीत. मला वाटले, अजून ताप असेल.

मग सरांच्या घरी टीव्ही आला. लाकडी पेटीतला, पुढे सरकत्या फळ्यांचे दार असलेला. गच्चीवरचा अँटेना नागपूरच्या दिशेने फिरवायला एक जण वर, "आलं का?" विचारायला एक जण जिन्यात, आणि "गेलं, गेलं, मांगं फिरव" म्हणायला खाली सगळे. रविवारी सकाळी अंतराळयानाची एक इंग्रजी मालिका लागायची. तिकडे ती केव्हाच जुनी झालेली होती, आमच्याकडे नवीन होती. एक यान, त्यात दहाबारा माणसे, घर सोडून निघालेली आणि नव्या ग्रहाचा रस्ता शोधणारी. सगळे बोलणे इंग्रजीत. खाली काही लिहून यायचे नाही.

पहिल्या रविवारी खोली भरलेली होती. सतरंजीवर पुरुष, स्वयंपाकघराच्या दाराशी बायका. मी वहिनींजवळ बसले होते. यान दिसले, माणसे दिसली, ती बोलायला लागली. मग गुलाबरावांनी मान वळवली. गुलाबराव म्हणजे वासुदेवचे मोठे भाऊ, गावातले वजनदार माणूस.

"सर, काय म्हणून राह्यला तो?"

सगळ्या माना सरांकडे वळल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तो म्हणते, पाणी संपत आलं."

"मंग?"

"मंग काय. आता शोधतील."

त्या दिवसापासून सर टीव्हीच्या डाव्या अंगाला उभे राहू लागले. पडद्यावरचे माणूस बोलून थांबले की सर बोलायचे. हळूहळू माणूस बोलत असतानाच बोलू लागले, आणि नंतर नंतर तर लोक पडद्यापेक्षा सरांकडे जास्त बघायचे. यानाच्या म्हाताऱ्या प्रमुखाला लोकांनी मुकादम केले. पेटी घेऊन फिरणारा तो कंपाउंडर. हुकूम सोडणारी बाई ती मास्तरीण; त्यावर माझ्याकडे बघून हसणे व्हायचे.

यानाच्या तळघरात पोत्यांसारखे काहीतरी रचलेले होते.

"सर, हे पोते कायचे?"

"बियाणं आहे. नव्या ग्रहावर पेरायचं."

"कपाशीचं का?"

"पुढे येईल."

झाले. त्या बियाण्याची काळजी सगळ्या गावाला लागली. यानाला आग लागली तेव्हा माणसांपेक्षा पोती आधी बाहेर काढा म्हणून लोक ओरडले. कंपाउंडर एकदा एका पोत्यावर बसला तर गुलाबराव गुडघ्यावर उठले. "ऊठ बे बैताडा! बियाण्यावर बसते काय!"

आणखी एक भाग होता, त्यात सगळ्यांनी काळे कपडे घातले होते. एकमेकांना जवळ घेत होते, एका भांड्यातून काहीतरी हातावर ठेवत होते. सर म्हणाले, "त्यांच्याकडची संक्रांत." बायकांना तो भाग फार आवडला. "अव माय, तिकडंबी काळंच नेसतेत!" असे म्हणत कितीतरी दिवस त्या एकमेकींना तो सांगत होत्या. कोणाला कोणता भाग आवडतो यावरून माणसे ओळखू यायची. शेतकऱ्यांना बियाण्याचा, बायकांना संक्रांतीचा, मुलांना आगीचा. माझाही एक आवडता होता. त्यात मुकादम एका ओसाड ग्रहावर एकटा बसून दूरच्या दिव्याकडे बघत बोलतो. सर म्हणाले होते, "तो कोणाशी बोलत नाही. घरी कधी बोलला नाही ते आता बोलून राह्यला." मी मराठी शिकवणारी बाई. ते वाक्य मी घरी येऊन मनात कितीतरी वेळा म्हटले.

मग वासुदेव गेला. महामार्ग ओलांडताना ट्रकने उडवले. चक्कीला कुलूप लागले आणि किल्ली गुलाबरावांच्या कमरेला गेली. वासुदेवची बायको मंदा आंजीची होती. तिने मुलीला घेऊन आंजीला माहेरी जायचे आणि यंत्र विकून टाकायचे, असे घरात ठरल्यासारखे होते. मंदाला कोणी विचारले नव्हते. मोठ्या दिरासमोर पदर सरकू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचे नाही, अशा घरातली ती. काही महिने तिने उंबरठा ओलांडला नव्हता. एका रविवारी वहिनींनीच तिला डाळ निवडायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आणून बसवले. मालिका सुरू झाली तेव्हा ती दाराच्या आतल्या बाजूला, सूप मांडीवर घेऊन होती. बाहेर सतरंजीवर पुढेच गुलाबराव होते.

त्या दिवशीच्या भागात यानातली एक बाई पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात उभी होती. डोक्यावरून पांढरे वस्त्र. आजूबाजूला सगळे पांढऱ्यात, हातात पांढरी फुले, आणि सगळे गप्प. मुकादम एका पुस्तकातून काही वाचत होता.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"काऊन थांबले सर?" गुलाबरावांनी विचारले. "कोण मेलं?"

सरांनी पडद्याकडे पाहिले. मग म्हणाले, "हिचा नवरा गेला. यान तोच चालवत होता."

स्वयंपाकघरात सुपाचा आवाज थांबला.

पडद्यावर मुकादमाने साखळीला लावलेली एक लहानशी वस्तू पुढे केली. बाईने हात पुढे केला.

"मुकादम म्हणते," सर सावकाश म्हणाले, "यान बंद ठेवून चालत नाही. ज्याचं यान, त्याच्याच घरचं माणूस चालवेल. म्हणून चाबी हिच्या हातात देऊन राह्यले."

"बराबर आहे," गुलाबराव म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांदेखत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा गुलाबरावांच्या अंगणात उभी राहिली. डोक्यावर पदर होता. "भाऊजी, चाबी द्या," म्हणाली. गुलाबराव तिच्याकडे बघतच राहिले. अंगणात माणसे होती, त्यांतली निम्मी आदल्या दिवशी सतरंजीवर होती. त्यांनी किल्ली काढून दिली.

तेव्हापासून मंदाने चक्की चालवली. गुळगुळीत झालेले दगड टाचायला शिकली, पट्टा बदलायला शिकली, मुलीला शिकवून आर्वीला दिले, केस पिकवले. सरांच्या घरचे दळण ती दुसऱ्या कोणाला लावू द्यायची नाही. नवा माणूस दळायला आला की त्याला पांढऱ्या कपड्यांचा भाग ऐकावा लागायचा. "त्या बाईनं चाबी घेतली, मंग मीही मांगतली," हे तिचे शेवटचे वाक्य असायचे.

सर निवृत्त झाले, पुढे मीही झाले. सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतात म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला. पुढाकार प्रफुल्लचा होता. लहानपणी सतरंजीवर सगळ्यात पुढे बसणारा मुलगा, आता पुण्यात इंजिनीअर. त्याने ती मालिका इंटरनेटवर शोधून काढली. सरांना काहीतरी अपूर्व द्यायचे म्हणून पांढऱ्या कपड्यांच्या भागाला कॉम्प्युटरकडून मराठी अक्षरे लावून घेतली. सुरुवात नीट चालते एवढे त्याने पाहिले होते. बाकीचे आपल्याला माहीतच आहे, असे त्याला वाटले. आम्हा सगळ्यांनाच ते माहीत होते.

शाल झाली, श्रीफळ झाले, भाषणे झाली. मग मंदाला माइकवर बोलावले. ती म्हणाली, "मी काई शिकलेली नाई. मले सरनं एक गोष्ट सांगतली, तेवढ्यावर मी उभी राह्यली." आणि तिने तो भाग सांगितला, किल्लीपर्यंत. टाळ्या पडल्या. ती पहिल्या रांगेत येऊन बसली आणि दिवे मालवले.

यान दिसताच सभागृहात आनंदाची लाट आली. "मुकादम! मुकादम!" असे मागून कोणी ओरडले. पांढऱ्या कपड्यातली बाई आली. मुकादमाने पुस्तक उघडले आणि खाली अक्षरे आली. आज आपण या दोघांच्या विवाहासाठी जमलो आहोत, अशी.

क्षणभर कोणाला कळले नाही. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे, हे तं लगन आहे!"

हसणे मागून पुढे आले. "मंदाबाई, वाजंत्री बोलवा!" "ओ नवरीबाई, चाबी भेटली का?" मंदा पडद्याकडे बघत होती. ती ओठ हलवून वाचत होती आणि वाचून व्हायच्या आत अक्षरे जात होती. प्रफुल्ल बंद करायला धावला. घाईत त्याच्याकडून चित्र बंद न होता थांबले, आणि नवरीचा पांढऱ्या वस्त्रातला चेहरा भिंतीएवढा होऊन तसाच राहिला. आम्हा शिक्षकांच्या रांगेत कोणी कोणाकडे पाहत नव्हते. छापलेली इंग्रजी आम्हालाही यायची. त्या लोकांचे तोंडचे बोलणे आमच्यापैकीही कोणाला कळले नसते, हे प्रत्येकाला माहीत होते. तेवढ्यात सरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्यानंतर सरांनी घराबाहेर पडणे सोडले. प्रफुल्ल पुण्याला परत जाण्याआधी भेटायला गेला. सर त्याच्याशी नीट बोलले, चहा दिला, नोकरीची चौकशी केली. त्या भागाचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "तुझी काय चूक बाळा. तू तं खरं दाखवलं." तो मुलगा माझ्याकडे येऊन लहान मुलासारखा रडला.

एक दिवस मी दळण घेऊन गेले तेव्हा मंदाने माझा डबा ठेवून घेतला आणि विचारले, "बाई, सरचा डब्बा येऊन नाई राह्यला. महामार्गावरच्या चक्कीत जाते म्हणे. माहं काई चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार, मंदाताई."

"मंग? हसतेत तं लोक मले." ती पिठाचे हात झटकत म्हणाली. "जो येते तो म्हणते, नवरीबाई, पायलीभर ज्वारी टाका. माह्या पोरीच्या सासूनं आर्वीहून फोन करून विचारलं, खरं काय हो ते. एवढी मोठी झाली बाई मी. या वयात नवरी केलं मले."

मी सरांकडे गेले. ते ओसरीत बसले होते. शब्दकोश जवळ नव्हता. वहिनी चहा ठेवून आत गेल्या.

"बाई," ते म्हणाले, "मले त्यायचं बोलणं कधीच समजलं नाही. एक वाक्यसुद्धा. छापलेलं द्या, मी अर्थ सांगतो. तोंडातून निघालं की नुसता आवाज येते. पहिल्या दिवशी गुलाबरावनं विचारलं. सगळे बघून राह्यले होते. माझे विद्यार्थी होते त्यात. मले म्हणता नाही आलं की समजत नाही. अन् पहिल्या दिवशी म्हटलं नाही, मंग दुसऱ्या दिवशी कसं म्हणता येते?"

"आणि तो भाग?"

"पांढरं दिसलं. गप्प दिसले सगळे. मले खरंच वाटलं, कोणी गेलं. आपल्याकडे पांढरं म्हणजे दुसरं काय राहते? चाबीचं मात्र मी घातलं. ते मले माहीत होतं. माझ्या पाठीमागं ती बसली होती."

काळे कपडे म्हणजे अंत्ययात्रा होती, आणि पोती म्हणजे झोपायच्या पिशव्या, हेही त्यांनी सांगितले. नातवाच्या मोबाइलवर त्यांनी अक्षरांसकट सापडला तो एकेक भाग लावून, खालची अक्षरे वाचत पाहिला होता. गोधडीचे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

"मंदा काय म्हणते?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. नवरीबाईचे सांगितले, पोरीच्या सासूचे सांगितले. सरांनी कप बशीत ठेवला.

"मले वाटलं, मलेच हसले," ते म्हणाले. "मी इथं बसून तेच मोजत होतो, की मले कोण कोण हसलं."

मी सांगायला नको होते असे तेव्हा वाटले. तेवढ्यात अंगणातून चपलांचा आवाज आला. मंदा येत होती. सर उठले. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, मी पाहिले नव्हते इतक्या लवकर उठले आणि आतल्या खोलीत गेले. जाताना वहिनींना म्हणाले, "नाई म्हणून सांग."

वहिनी दारात आल्या. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती. "घरी नाहीत," त्या म्हणाल्या, मंदाकडे न बघता.

मंदाने ओसरीखाली पाहिले. सरांच्या चपला तिथे होत्या. तिने माझ्याकडे पाहिले. मी चहाकडे पाहिले.

"येऊ द्या मंग," ती म्हणाली. "बसते."

ती बसली. बराच वेळ बसली. वहिनींनी चहा दिला, तो प्याली, पावसापाण्याचे बोलली. मग उठून गेली.

काही दिवसांनी मी चक्कीवर दळणाच्या रांगेत होते, तेव्हा सर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गव्हाचा डबा. डबा जड होता, वाटेत दोनदा खाली ठेवलेला मी पाहिला. मंदाने पुढे होऊन तो घेतला.

"या सर."

सर बसले नाहीत. "मंदा, ते लगन होतं."

"आईकलं मी."

"मले इंग्रजी ऐकून समजत नाही. तेव्हाही नव्हतं समजत."

मंदाने चक्कीचा खटका बंद केला. पट्टा फिरत फिरत थांबला. एकदम इतके शांत झाले की रांगेतली माणसेही सरळ उभी राहिली.

"मंग चाबी?"

"चाबी नव्हती. लॉकेट होतं. नवऱ्यानं बायकोसाठी मुकादमाजवळ दिलेलं."

मंदा म्हणाली, "म्हणजे तुम्ही मले फसोलं."

"हो."

"तुम्ही शिकलेले सर. तुम्ही सांगतलं म्हणून मी भाऊजीसमोर तोंड उघडलं. माह्या माहेरात कोणी उघडलं नव्हतं. मले वाटलं, तिकडं एवढ्या मोठ्या लोकायत असं चालते, तं मीबी मांगू शकते. अन् तिकडं तं कोणी मांगतलंच नव्हतं." तिचा आवाज चढला. "तेही जाऊ द्या. त्यादिवशी मी तुमच्या दारात बसली होती. चपला बाहेर होत्या सर."

सरांनी मान खाली घातली. "हो," म्हणाले.

तिने खटका दाबला. चक्की सुरू झाली. आम्हाला वाटले, सर आता जातील. ते भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने एक गडी पोते घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "काय नवरीबाई, लाइन मोठी आहे का?"

"ए, इकडं ये," सर चक्कीच्या वरताण आवाजात म्हणाले. वर्गात लावत तो आवाज. "तिले काऊन हसतं? तिनं मी सांगितलं ते ऐकलं. खोटं मी सांगितलं. मले इंग्रजी समजत नव्हतं अन् मी समजते म्हणून सांगत होतो. हसायचं तं मले हस."

गडी गोंधळला. "मी कुठं हसून राह्यलो, सर," म्हणाला.

"हस म्हणतो नं. ऐक, काय काय सांगितलं मी ते."

आणि त्यांनी सांगितले. लग्न कसे मयत केले ते. मयताला संक्रांत कशी केली ते. झोपायच्या पिशव्यांना बियाणे केले आणि त्यासाठी सगळा गाव कसा जीव टाकत होता ते. सांगायची हातोटी तीच होती. थांबायचे कुठे हे त्यांना अजून कळत होते. रांगेतली माणसे आधी चाचरत, मग मोकळी हसली. सर हसले नाहीत. लोकांना हसू दिले.

ते रोज येऊ लागले. वहिनींनी काठी हातात द्यायची, आणि सरांनी बाकावर जाऊन बसायचे. कोणी मंदाला त्या नावाने हाक मारली की त्याला जवळ बोलावून सगळे पहिल्यापासून सांगायचे. लोक ते ऐकायलाही येऊ लागले. आर्वीहून मंदाची विहीण आली, तिलाही सांगितले. गुलाबराव अंथरुणाला खिळले होते. सर त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. गुलाबराव म्हणाले म्हणे, "आता चाबी वापस मांगू काय मी?" मंदाला ते कळले तेव्हा पहिल्यांदा ती हसली. पण सरांशी ती बोलत नव्हती. चहा आला की एक कप बाकावर ठेवायची आणि वळायची. सर जाताना "येतो" म्हणायचे. उत्तर यायचे नाही. सर दुसऱ्या दिवशी यायचे.

मी त्यांना शेवटचे तिथेच पाहिले. संत्र्यांची गाडी भरून जाणारा एक ड्रायव्हर चक्कीजवळ थांबला होता. भुवयांवर, कानांवर पीठ बसलेले सर त्याला माझा आवडता भाग सांगत होते, ओसाड ग्रहावर बसलेल्या मुकादमाचा.

"मंग खरं काय म्हणत होता तो?" ड्रायव्हरने विचारले.

"त्या भागाची अक्षरं अजून भेटली नाही," सर म्हणाले. "तो काय म्हणून राह्यला, मले नाई समजलं."

एवढे सहज म्हणाले. ड्रायव्हरने मान डोलावली. त्याला त्यात काही विशेष वाटले नाही. मंदा पीठ चाळत होती. तिने वळून पाहिले, आणि चक्कीचा आवाज असल्यामुळे ती काही म्हणाली की नाही, ते मला ऐकू आले नाही.

दिवाळीनंतर एका पहाटे सर झोपेतच गेले. मंदा आली. वहिनींजवळ बसली, रडली नाही. त्या दिवशी तिने चक्की बंद ठेवली.

सरांना वाटत होते, आपण रोज बसून सांगितले की ते नाव जाईल. ते गेले नाही. चक्की सुरू आहे. मंदाला लोक नवरीबाई म्हणतात, आणि ती ओ देते.